हलका चाप

३ डिसेंबर
पोचलो. खाली नू नदी वाजते आहे, अंगणात अक्रोड आहे, शाळा हाकेच्या अंतरावर. बायकोला, आमीला, घर आवडेल. आमच्या नववर्षाच्या सणाला, वीस तारखेला, ती येईल. शेजारचा आडे मक्याची दारू घेऊन आला. घर त्याच्या बापाचं. पावसाळ्यात तो वारला. त्याचं आडवं धनुष्य अजून खुंटीवर आहे, पण बाण सोडायचा चाप काढून प्रेताबरोबर पुरलेला. नाहीतर मेलेला शिकारी शिकार थांबवत नाही म्हणे. मीही यांच्याच लिसू जमातीचा; पण असली अडाणी बडबड ऐकली की डोकं उठतं.

७ डिसेंबर
गावातले चाप पाहिले. हाडाचे ओबडधोबड तुकडे, ओढायला रेड्याचं बळ हवं. पिढ्यान्‌पिढ्या बनवतात आणि टेकू कुठे द्यावा हे एकालाही सुचलं नाही. आडे म्हणाला, "जड हवाच, मास्तर. जिवंत माणसालाच ओढता यावा." मी तोंडावर हसलो. उर्मटपणा झाला का? बहुधा. पण मूर्खपणाला मान किती द्यायचा? सणाच्या नेमबाजीत खुंटीवरच्या धनुष्याला माझा हलका चाप बसवून साऱ्यांची तोंडं बंद करीन.

१२ डिसेंबर
जमलं. शिंगाचा तुकडा, एक आडवी खीळ, दोरीला खाच. पिसाने ढकललं तरी सुटतो. आमीला फोनवर सगळं सांगितलं. ती माझ्याहून जास्त हसली. आडेने मात्र तोंडातली दारू थुंकली. "एवढं बळ तर मेलेल्याच्या बोटातही असतं. शिकलात आणि माझ्या बापाच्या हातात हत्यार दिलंत."

१४ डिसेंबर
ताण किती वेळ टिकतो ते पाहायला धनुष्य ताणून, बाण लावून खुंटीवर ठेवलं. जेवताना आपोआप सुटलं. बाण मक्याच्या टोपलीत. खाच उथळ होती, चूक माझीच. खोल केली.

१५ डिसेंबर
पुन्हा सुटलं. बाण मी बसतो त्या स्टुलात. खाच ठीक आहे. खुंटी हलली असेल.

१७ डिसेंबर
उशीत. मी नुकताच उठलो होतो. आडेला सांगावं तर तो हसेल. त्या गावंढळाचं हसणं मला बाणापेक्षा जास्त लागतं, हे खरं आहे.

२० डिसेंबर
आमी आज येते आहे. त्याआधी खात्री हवी. शेवटची चाचणी. बाण लावला, आणि टोकासमोरून दूर, कोपऱ्यात बसलो.

टोक माझ्याकडे आहे.

डावीकडे सरकलो. तेही —

ओढायला बळ लागतच नाही. मीच तसा केला.

अंगणात आमी. टोक माझ्यावरून निघालं. सुटलो — आधी हेच मनात आलं.

दाराकडे वळतंय.

ओरडलो, आत येऊ नकोस. ती हसते आहे. म्हणते, मेलेल्यांना घाबरायला लागलास का रे, त्या आडेसारखा —

उठायला हवं. दार आणि बाण यांच्यामध्ये उभं राहायला हवं. आणि मी लिहीत बसलोय —

दाराची कडी वा