मेंढरांनी खाल्लेले शेंडे

रविवार, १४ डिसेंबर २००३. नौबाद.

आज जेवणसुद्धा सुचेना! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते मी, आणि धडा मिळाला खटकचिंचोळीला, अण्णाच्या, म्हणजे माझ्याच भावाच्या तुरीत.

श्रावणात मेंढपाळ मल्लप्पाची मेंढरं बांधालगतच्या चार ओळींत घुसली आणि शेंडे खाऊन गेली. अण्णानं त्याला नाही नाही ते सुनावलं. यंदा खतासाठी रानात मेंढरं बसवायचीच नाहीत, असंही ठरवून टाकलं. बाकीच्या तुरीला वाढीचं टॉनिक मारलं. मीच सुचवलेलं.

आज पाहिलं, तर टॉनिकची तूर डोक्याच्या वर, पण शेंगेशेंगेत अळी. त्या चार ओळी बुटक्या, आणि शेंगा बहुतेक धड!

वाढीची संप्रेरकं जोरात असली की झाडाची रोगकिडीशी लढायची ताकद कमी पडते. शेंडा तुटून जखम झाली की लढवणारं संप्रेरक जागं होतं. दरवर्षी फळ्यावर लिहिते मी हे. मग टॉनिक सुचवताना कुठं गेलं होतं डोकं? चार ओळींनी सिद्ध काही होत नाही, बांधाकडचं ऊनही कारण असेल. पण ते खाल्लेले शेंडे डोक्यातून जाईनात!

अण्णाला सांगितलं, तर चिडला. "मग कामून मारायला लावलंस गं ते टॉनिक?"

"चुकलं," म्हटलं.

मग पलीकडं मेंढरं चारणाऱ्या मल्लप्पाला हाक मारली. "तूर काढून रास झाली की मेंढरं बसव रे रानात. आणि पुढच्या श्रावणात..." त्यानं बुटक्या ओळींच्या शेंड्यांकडं बोट केलं.

मल्लप्पाच हसला. "व्हय अण्णा. चार ओळी, का सगळं रान?"