पहिला रकाना

दि. ९ जानेवारी

प्रिय छोटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझ्या भाच्याचा दात पडला. तुझ्या भावजींचा चष्मा आठवड्यात दुसऱ्यांदा हरवला आणि त्यांच्याच डोक्यावर सापडला. चार महिने मी तुला फोन केला नाही, त्यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हण. ऐकून घेईन.

"पंधरा वर्षं वर्ग सांभाळतेय, मला शिकवू नकोस," असं मी तुला फणकाऱ्याने म्हणाले होते. तू विशेष शिक्षिका झालीस तरी माझ्या लेखी शेंबडी छोटीच ना! पण माझ्या वर्गातल्या ठिणगीसाठी तू दिलेली वही मी फेकली नव्हती. डॉक्टरांच्या कागदावर या नऊ वर्षांच्या मुलीला 'भावनिक अक्षमता' आहे, आणि ती सगळ्यांबरोबर माझ्याच वर्गात शिकते. घाबरली की भडकते, म्हणून मी ठेवलेलं नाव ठिणगी.

वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, तिने काय केलं, नंतर काय झालं. दुसरा मी अगदी निगुतीने भरला. बाक ढकलला, पुस्तक फाडलं, मला चावली. पहिला कोराच ठेवला. आधी काही घडतच नाही, असं मी धरून चालले होते. बहुतेकदा सोमवारी व्हायचं, म्हणून म्हणायचे, सुटी अंगात भिनलीय.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहून टाकते. तिला वेगळ्या शाळेत पाठवावं, या शिफारशीवर मी सही केली होती.

शुक्रवारी तिच्या वडिलांबरोबर बैठक होती. अर्धवट वही कशी दाखवणार? म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर, वर्गात रोज काय केलं ते मी लिहिते ती टाचणवही काढली आणि तारखा जुळवत पहिला रकाना भरायला बसले. पहिली तारीख, जागाबदल. दुसरी, जागाबदल. अकरापैकी नऊ वेळा तेच! कुणी कोपऱ्यात पडू नये म्हणून दर सोमवारी मुलांच्या जागा बदलायची माझी पद्धत, जिचं कौतुक मी जगभर सांगत फिरते. त्या पोरीला भीती वाटू नये म्हणून पाठीशी भिंत लागते, आणि मी तिला उठवून मधोमध बसवत होते. छोटे, इतकी लाज वाटली की रिकाम्या वर्गात बसून रडले.

बैठकीत मी तो रकाना मोठ्याने वाचला आणि सहीचा कागद परत मागितला. मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या, पण दिला. वडील छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. "म्हणजे बाई, तिला काढणार नाही ना?" त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

आज सोमवार. ठिणगी सकाळपासून भिंतीशी. दुपारी शेजारणीशी बिनसलं, कंपासपेटी भिरकावली, मग भिंतीला पाठ टेकून बसली आणि पाच मिनिटांत स्वतःहून गणितं सोडवायला लागली.

मी वही लिहीत असताना ती डोकावली. मागची पानं वाचून म्हणाली, "माझ्या वहीत 'बाईंनी जागा बदलली' असं का लिहिलंय?"

"कारण चूक माझी होती."

तिने विचारलं, "मग आता तुम्हाला पण वेगळ्या शाळेत पाठवणार?"

तिला सगळं कळलं होतं गं. मी म्हटलं, "नाही. आपण दोघी इथेच."

तुझ्या फोनची वाट पाहणारी, पहिल्या रकान्यातली,
ताई