माश्यांचा डबा

पंचवटी, नाशिक
जुलै १९९८

ती. मोतीराममामांस आशाचा वाकून नमस्कार.

गळाच्या माश्या ठेवायचा डबा आणि पाहुण्यांपुढे फिरवायचा सुपारीचा डबा यांत नेमका फरक काय? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

बाकी तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? सायखेड्याला गोदावरीचं पाणी गढूळ असेल, म्हणजे तुम्ही सध्या नुसतेच काठावर बसत असाल. इकडे दादांच्या मळ्यातला झेंडू बरा आहे.

कोंबड्याची पिसं नि रेशमी दोरा गळावर गुंडाळून तुम्ही केलेल्या त्या माश्या (मासे फसतात यात नवल नाही, आमची मांजरही फसली) तंबाखूच्या गंजक्या डबीतून माझ्याकडे पाठवल्यात आणि "शिकलेली पोर हाय, नीट डबा निवडंल" असा निरोप दिलात, तेव्हापासून मी ती जबाबदारी फार मनावर घेतली. पिसं चेपू नयेत, गळ एकमेकांत अडकू नयेत, झाकण न उघडता आतलं दिसावं आणि नदीत पडला तर डबा तरंगावा, असं सगळं ठरवून भांडीबाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "काय ठेवायचंय ताई?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही इथे दिवसभर माश्या हाकलतोय, आणि तुम्ही ठेवायला डबा घेताय!" स्टीलचा डबा बुडतो. (त्याच्याच बादलीत टाकून पाहिला. नंतर तो माझ्याशी बोलेना.) शेवटी पारदर्शक झाकणाचा, खणाखणांचा प्लास्टिकचा डबा मिळाला. तो तरंगला. लाल, काळ्या, पिवळ्या माश्या वेगवेगळ्या खणांत लावल्यावर तो इतका सुंदर दिसू लागला की मी तो बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवला. इथेच चुकलं.

रविवारी नामपूरहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा चंदर, त्याचे आईवडील आणि कांद्याचे व्यापारी असलेले त्याचे थोरले काका. पोहे झाले, चहा झाला. आईने शेजारच्या झुंबरबाईंना सुपारी फिरवायला सांगितली आणि त्यांनी फळीवरचा देखणा डबा उचलला. काकांचा चष्मा खिशात होता. रंगीत बडीशेप समजून त्यांनी लाल माशी चिमटीत धरली. ती तोंडापर्यंत पोचलीच नाही, वाटेत मिशीत अडकली.

"हाई काय शे?" काका ओरडले आणि ओढू लागले.

"ओढू नका, ओढलं की रुततं," मी म्हणाले. (हे तुमचंच वाक्य.) आई देवापुढे जाऊन बसली, बाकीचे हळद शोधायला धावले. मी कात्री आणली. चंदरने काकांचं डोकं धरलं आणि मला हळूच विचारलं, "या माशीला कोणता मासा लागतो?" विचारायची ती वेळ नव्हती, पण प्रश्न चांगला होता.

काकांची मिशी डावीकडून थोडी कमी झाली. मला वाटलं, स्थळ गेलं. पण मंगळवारी निरोप आला: एवढ्या गोंधळातही पोरीचा हात थरथरला नाही, मुलगी पसंत आहे.

तुमची भाची,
आशा

ता. क. लाल माशी काका मागून घेऊन गेले. मोसम नदीत टाकून बघणार आहेत. तुम्ही दुसरी बांधालच.

आणखी एक ता. क. मामा, आई फक्त तुमचं ऐकते. तिला वाटतंय, तुळशीचं लग्न उरकलं की माझं. पण मला आधी बी.एड. करून शिकवायचं आहे. कात्री मिशीला लावलेली असतानाच मी काकांना हे सांगितलं आणि चालेल का, असं विचारलं. ते हो म्हणाले. (मान हलवू नका असं मीच बजावलं होतं, त्यामुळे नकार देणं अवघड गेलं असावं.) चंदरने सगळं ऐकलं आणि काकांचं डोकं आणखी घट्ट धरलं.

आईला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून डबा एस.टी.ने पाठवत नाही. तो न्यायला तुम्हीच या आणि तिलाही तुम्हीच सांगा. सांगताना तिची परवानगी मात्र विचारू नका. बी.एड.ला नाव मी काल घातलं.