दोन तासांची भीती

६ जानेवारी, मंगळवार

मॅडमना वाटलं, मोजण्यात माझीच चूक. अठ्ठावीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजतोय मी! दोन तास नळीत कोंडलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी एकदम निम्म्यावर. आमच्या लॅबच्या सुचेता मॅडम इंदूरच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, दुबारा मोजा ना." मोजल्या. निम्म्याच.

नळी म्हणजे भोकं पाडलेली प्लास्टिकची. उंदराला आत वळता येत नाही, बाकी इजा काही नाही. बाहेर काढला की आधी वेड्यासारखं तोंड पुसत बसतो, मग पेटीच्या भिंतीला चिकटून फिरतो. मधे पाऊल टाकत नाही.

पण पेशी गेल्या कुठे?

७ जानेवारी

क्वार्टरवर आलो तर सरोज पोट दाबून बसलेली. पित्ताशयात खडे आहेत. टाऊनशिपच्या हॉस्पिटलातून बाहेर ऑपरेशनला पाठवायचा कागद मिळतो, तो महिनाभर चालतो. आमचे तीन बाद झाले, हा चौथा. आज काढला, वाचला, तिच्यापुढे धरला. माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे. होळीनंतर बघू."

भित्री आहे. प्लांटमधलं अख्खं स्टोअर सांभाळते, आणि ऑपरेशन म्हटलं की होळी, दिवाळी, लग्नसराई.

९ जानेवारी

सापडल्या!

मॅडमनी कातडीचा काप मायक्रोस्कोपखाली लावला आणि नुसतं "देखिए" म्हणाल्या. गच्च भरलेला. पेशी पळाल्या नव्हत्या – कातडीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. चावा, ओरखडा, जे काय व्हायचं ते आधी तिथेच होणार ना! अजून कुणी चावलेलं नाही. उंदीर नुसता घाबरलाय, आणि आत एवढी तयारी. कोणी सांगितलं त्यांना?

मॅडम म्हणाल्या, परदेशात लोकांनी हे आधीच पाहिलंय. असेना. मी आज पाहिलं. हात जोडावेसे वाटले. मॅडम समोर होत्या म्हणून नाही जोडले.

उंदीर नळीतून सुटल्यावर तीन तासांनी रक्त पाहिलं, तर पेशी परत जागेवर. जसं काही झालंच नाही.

घराकडचं पिपलानीचं वळण कधी आलं, स्कूटरला माहीत.

१५ जानेवारी

सरोजला पुन्हा कळ. गरम पाण्याची पिशवी. कागदाचा विषय मी काढला नाही.

२७ जानेवारी

तीन आठवडे रोज कोंडलेल्या उंदरांचा आज शेवटचा दिवस. त्यांच्या कातडीत पेशी विरळ. भूल देऊन पाठीवर केलेली बारीकशी जखम अजून ओली – बाकीच्यांची केव्हाच सुकली. कागदाच्या पट्ट्या टाकल्या तरी घरटं करत नाहीत. अंग चाटत नाहीत. बसून राहतात.

मॅडम म्हणाल्या, "काका, थोड़ी देर का डर काम का. रोज़ का डर खा जाता है."

उंदीर तेच, नळी तीच, फक्त दिवस वाढले. एवढ्याशा जिवाला हा हिशेब कळतो याचं दिवसभर नवल करत होतो. मग जेवताना सरोजकडे लक्ष गेलं. दोन घास खाऊन ताट सारलं होतं तिनं. ऑपरेशन टाळून सव्वा वर्ष झालं.

२८ जानेवारी

बोललो. चहा घेता घेता, तो कागद हातात धरून, उंदरांचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. म्हटलं, "घाबरायचं तर एकदाच घाबर. पण हे रोजचं नको."

तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "घ्या तारीख."

एवढंच! उंदरांचे उपकार.

४ फेब्रुवारी

ऑपरेशन उद्या सकाळी. सरोज शेजारच्या रजनीताईंना कुंड्यांना पाणी घालायचं सांगून आली, बॅग भरली, माझे पायमोजेसुद्धा काढून ठेवले. मला आज एक स्लाइड धड लावता आली नाही.

५ फेब्रुवारी

झालं. ठीक आहे ती.

१६ फेब्रुवारी

टाके काढून आणले. जखम सुरेख भरलीय. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघ, घाबरलीस ते कामी आलं."

सरोज म्हणाली, "मी कुठं घाबरले? मी पहिल्या कागदापासून तयार होते. तुम्ही तो कागद हातात घेतला की हात थरथरायचा तुमचा, म्हणून म्हणायचे, राहू दे. उंदरांचं सांगत होतात, तेव्हा पहिल्यांदा नाही थरथरला."