घंटेचा पंचनामा

३ फेब्रुवारी
भंडाऱ्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. आजपासून मी नुसता हवालदार नाही, शाळेचा पोलीस काका. शिकवणाऱ्या मॅडमनी एकच गोष्ट वीसदा सांगितली: पोरांच्या किरकोळ भानगडी शाळेतच मिटवा, बाल न्याय मंडळापर्यंत जाऊ देऊ नका. पूर्ण समजलं. नोट्स अकरा पानं.

६ फेब्रुवारी
शाळेत भाषण. म्हटलं, मले मित्र समजा. पोरं हसली. विश्वास बसू लागला.

१० फेब्रुवारी, दु. १२
शाळेची पितळी घंटा गायब! विज्ञानाची चाचणी लांबली.

दु. ३
नववीतली रश्मी आपणहून आली. रडत म्हणाली, "काका, घंटा मीच लपवली, धानाच्या तणसीच्या ढिगात. अभ्यास नव्हता झाला." काय हा विश्वास! हेडमास्तर श्यामराव सर म्हणाले, "सापडली ना? जाऊ द्या आता."
जाऊच देणार होतो. फक्त आठवणीसाठी चार ओळी लिहायला बसलो. बावीस वर्षांचा हात. चार पानं झाली. घंटेचा घेर, उंची, अंदाजे वजन. दोन पंच. रश्मीचा जबाब, सहीसकट. घंटा मुद्देमाल म्हणून सील. ट्रेनिंगप्रमाणे 'आरोपी' शब्द कटाक्षाने टाळला.

११ फेब्रुवारी
कागदांवर आवक नंबर टाकून ठाणेदारांना दाखवले. म्हणाले, "अबे, काहून लिहिलं हे?" नंबर पडला, आता फाडले तर माझीच चौकशी. प्रकरण मंडळाकडे. अक्षराबद्दल काही बोलले नाहीत.

१३ फेब्रुवारी
रश्मीची आई विमलाबाई ठाण्यात. "भाऊ, पोरगी तुमच्या भरोशावर बोलली ना जी?" मी प्रक्रिया समजावली. पदर सावरून निघून गेली. पटलं असावं.
शाळेत ताट बडवून तास बदलतात. मला बघून पोरं वर्गात पळाली. शिस्त वाढली आहे.

२४ फेब्रुवारी
मंडळासमोर. साध्या कपड्यात गेलो, नियमच आहे. मंडळानं विचारलं, तक्रारदार कोण? शाळेची तक्रारच नाही. कागदावर नाव माझंच निघालं. म्हटलं, मागे घेतो. म्हणाले, असं मागे घेता येत नाही, आणि मुलीचा सामाजिक अहवाल कुठे आहे? तो मीच द्यायचा होता. पुढची तारीख पडली.
परतीच्या एसटीत रश्मी आणि विमलाबाई शेजारच्याच सीटवर; तिथेच अहवाल भरायला घेतला. एक प्रश्न: मुलगी मनातलं कोणाला सांगते? माझं नाव लिहायला पेन उघडलं, तरी रीतसर विचारलं. रश्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता कोनालेच नाही."
लिहून घेतलं.