तलावाच्या पाळीवरून दिसणारा गार्ड

९ नोव्हेंबर १९७८
शाळा सुटल्यावर तलावाच्या पाळीवर. करकोचे आले, पहिलाच थवा. मोजताना एकेचाळीसवर अडले, कारण पुलगावकडे जाणारी मालगाडी आली. शेवटच्या डब्यात गार्ड उभा. माझा नवरा. 'पंधरा दिवसांत न्यायला येतो' म्हणून माहेरी सोडून गेला, त्याला चार वर्षं झाली. त्यानं ओळखलं मला. झेंडी खाली आली.

११ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "त्यानं वर्ध्यात दुसरी केली." दादाला उन्हाळ्यापासून माहीत. "तुले काऊन सांगू? जेवण सोडलं असतं तू."
सोडचिठ्ठी नाही, साधं कार्ड नाही.

२३ नोव्हेंबर
आठवड्यातून दोनतीनदा गाडीवर असतो तो. मी रोज जाते, दिवेलागणीपर्यंत थांबते. कुंकू मोठं लावते, हिरव्या बांगड्या. गाव म्हणतं, बाईंना पाखरांचा नाद लागला. म्हणू दे.

४ डिसेंबर
आज तोंड फिरवून डब्यात आत गेला. बरं वाटलं. घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली.

१८ डिसेंबर
हेडमास्तर म्हणाले, "बाई, सरकारी नोकराले दोन बायका चालत नाई. एक अर्ज टाका, नोकरी जाते." चारदा लिहिला. लग्नपत्रिका जोडली. इतक्यात टाकणार नाही. आधी झुरू दे त्याला. मी चार वर्षं...

२ जानेवारी १९७९
पाळीवर एक बाई आली. एस.टी.नं, एकटी. सातवा महिना तरी असेल.
"पाखरं पाहाले येता त्या बाई तुम्हीच का?"
"तुम्ही कोण?"
"गार्डसाहेबांची मिसेस."
म्हटलं, मिसेस मी आहे. ती मटकन खालीच बसली. "मले तर सांगितलं, पहिली मेली म्हणून. दिवाळी झाल्यापासून ताप येऊन राह्यला त्यायले. पाळीवर मेलेली बायको दिसते म्हणतात. म्हणून पाहाले आली."
मेलेली. म्हणजे मला जाळूनही झालं होतं.
अर्ज दाखवला. तिनं सगळा वाचला. टाकू नका म्हणाली नाही. पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, "मंग मी कुठं जाऊ?"
तेवढ्यात गाडी आली. तिला हात दिला, उठवलं. दोघी उभ्या राहिलो. तो डब्याचा दांडा धरून आमच्याकडे बघत गेला, वळणापर्यंत. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

२७ फेब्रुवारी
महिनाभर गार्ड दुसराच. बदली मागून घेतली म्हणतात, भुसावळकडे. करकोचेही उठायला लागले, आज दहाबारा.

११ मार्च
तिचं पत्र. मुलगी झाली. त्याला कळवलं, तो आला नाही. खोलीचा पत्ता दिलाय. खाली लिहिलंय, 'तुमच्या अर्जावर माझी पण सही चालते का?'
नोकरी गेली तर ती पोर काय खाणार, हेही तिनंच लिहिलंय, त्याच कागदावर.
उद्याची रजा टाकली. सकाळच्या एस.टी.नं वर्ध्याला. अर्ज घेतलाय. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडूही घेतलेत. सही घेईन का, ते अजून...