दुरुस्ती चालेल

४ मार्च, सोमवार
आज सकाळी आत्याकडे पोचले. बॅग जिन्यात अडकली, तर आत्या खालून म्हणाली, बॅगेला वर नाही यायचं, तू तरी ये. एकटीच हसले.

खाली आत्याचं मशीन, वर माझी खोली. आत्या कपड्यांची दुरुस्ती करते. उंची कमी करणं, चेन बसवणं, कोपर झिजलं असेल तर ठिगळ. चार टाचण्या ओठांत धरून ती जेवढं बोलते तेवढं लोक मोकळ्या तोंडाने बोलत नाहीत. पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे, त्या खाचेत दोरा धरून कट्कन तोडते. कात्री सापडत नाही म्हणून देवाने सोय केली, म्हणे. इतकी वर्षं मशीनवर वाकून उजवा खांदा उतरलाय. तोही तिने मला अभिमानाने दाखवला.

फोटो स्टुडिओतल्या नोकरीचा पहिला दिवसही बरा गेला. ओळखपत्रांचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर नीट करायचे. मालकांनी पहिल्याच तासाला बजावलं की गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने सांगत नाही तोवर त्याच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा पुसायचा नाही. तीळ त्याचा, कॉम्प्युटर आपला. मला हे फार आवडलं. वहीत लिहून घेतलं.

दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. त्यांची लाल पेन्सिल होती. चूक दाखवली की दुरुस्त करून आणायची आणि बरं झालं दाखवलंत म्हणायचं. अजून कोणी चूक काढली की तोंडातून तेच निघतं. आज बसमध्ये एका बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, आणि सॉरी मी म्हणाले.

८ मार्च, शुक्रवार
एका ऑनलाइन मंडळात नाव घातलं. नाव आहे ‘निरखण’. लोक फोटो टाकतात, बाकीचे अभिप्राय देतात. ‘छान’ हा शब्द वापरायला बंदी आहे. आपला एक फोटो टाकायचा तर आधी दुसऱ्यांच्या तीन फोटोंवर सविस्तर लिहायचं. मी तिन्हींवर मन लावून लिहिलं, त्याला दोन तास लागले.

मग आत्याचा फोटो टाकला. खिडकीशी मशीन, ओठांत टाचण्या, आणि काहीतरी सांगता सांगता उघडलेलं तोंड. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो असेल. फोटोखाली एक चौकोन असतो, ‘दुरुस्ती चालेल’. त्यावर खूण केली तर कोणीही फोटो सुधारून परत टाकू शकतं. खूण न करणं म्हणजे मला शिकायचं नाही असं सांगितल्यासारखं वाटलं. केली.

आत्याला विचारलं नाही. ती उद्याच्या कोटाच्या घाईत होती.

१० मार्च, रविवार
पहिला अभिप्राय आला. टोपणनाव काटकोन. मंडळातला सगळ्यात जुना माणूस, सगळे त्याला दबकून असतात. उतरलेल्या खांद्यामुळे चित्राचा तोल जातो, असं त्याने लिहिलं आणि खांदा सरळ करून फोटो परत टाकला. काम इतकं सफाईदार की शिवण दिसू नये. मी आभार मानले.

दुपारी आत्या कोट झटकत उभी होती. दोन्ही खांदे एका रेषेत. दुखायचा थांबला का, असं मी विचारलं. तिने मला वेड्यात काढलं. कुठला खांदा? माझे खांदे पाटासारखे सरळ, लग्नाला नकार दिला तेव्हाही सरळच होते, म्हणाली.

मला नीट आठवत नसेल. पण या वहीत सोमवारी मीच लिहिलंय.

१३ मार्च, बुधवार
काटकोनने पुन्हा लिहिलं. डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या गोंधळ करतात, तुटका दात खटकतो. दोन्ही दुरुस्त केले. एकेचाळीस जणांनी सहमती दाखवली. मी मात्र या वेळी आभार मानले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी आत्याने दोरा दातांत धरला आणि ओढला. तुटेना. पुन्हा ओढला. मग शिस्तीत उठली, कात्री आणली आणि कापला. दात दोन्ही बाजूंनी सारखे, पांढरे. हसली तर डोळ्यांशेजारी काहीच हललं नाही. कागद कोरा असतो तसं.

या लोकांना कोणी विचारलं होतं? खटकतो म्हणे. कोणाला खटकतो? त्या दाताने तिने आमच्या अख्ख्या खानदानाचे दोरे तोडले.

विचारलं कोणी, तर मी. चौकोनात खूण माझी आहे.

१५ मार्च, शुक्रवार
खूण काढता येत नाही. एकदा अभिप्राय आला की खूण निघत नाही, फोटोही काढता येत नाही. अभिप्राय देणाऱ्याच्या श्रमांचा मान राखण्यासाठी तसा नियम आहे. केलेली दुरुस्ती फक्त करणाऱ्यालाच मागे घेता येते.

फोटोखालीच काटकोनला लिहिलं. आधी नम्रपणे, मग हात जोडून, मग जे घडतंय ते सगळं खरं खरं. त्याचं उत्तर सभ्य होतं. लोक आपल्या फोटोत गुंततात, सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो, पण चित्र आधीपेक्षा चांगलं झालंय हे मी तरी नाकारू शकेन का? मागे घेणं म्हणजे स्वतःच्या मताशी अप्रामाणिक होणं. ते त्याला जमणार नाही.

शेवटी लिहिलं होतं, तोंडाकडे बघायचं अजून राहिलंय.

मी पुन्हा लिहिलं. तोंडाला हात लावायचा नाही. हे चार शब्द मी कोणालाही, कधीही, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिले नव्हते.

१६ मार्च, शनिवार
लावला. बोलताना उघडलेलं तोंड चित्राची शांतता भंग करतं, म्हणून मिटवलं. टाचण्याही काढल्या.

सकाळी खाली गेले. आत्याने मान हलवून चहाकडे बोट दाखवलं. मी काहीबाही बोलले, तिला हसवायचा प्रयत्न केला, भांडायचाही. ती नुसती बघत राहिली. मग कापडावरच्या खडूने टेबलावर लिहिलं, बरं नाही का तुला?

बाबांना फोन केला. ते ओरडलेच. तुझी आत्या जन्माची मुकी आहे, हे आज नव्याने कळलं का? नोकरी झेपत नसेल तर परत ये.

शेजारच्या बाई म्हणाल्या, गरीब बिचारी, कधी कोणाला उणा शब्द नाही.

उणा शब्द नाही! तिच्या शब्दांना अख्खी गल्ली घाबरायची. बॅगेवरून, लग्नावरून, पाहुण्यांवरून — एकालाही सोडलं नाही तिने. कुठे गेलं ते सगळं? एका माणसाला चित्र शांत हवं होतं म्हणून?

त्या फोटोवर आता सत्तर जणांची सहमती आहे.

१८ मार्च, सोमवार
मंडळातले माझे खाजगी निरोप उघडले. नऊ दिवस उघडले नव्हते. अभिप्राय देऊन झाल्यावर वाद घालायचा नसतो असं नियमात आहे आणि मी नियम पाळते.

शिंपला नावाच्या बाईंचे अकरा निरोप होते.

आठ तारखेला मी त्यांच्या फोटोवर लिहिलं होतं. त्या अंगणात बसलेल्या, मागे एक माणूस फळीला खिळा ठोकत होता. मी लिहिलं, मागची व्यक्ती लक्ष वेधून घेते, काढल्यास चित्र मोकळं होईल. आणि काढून दाखवली. अर्धा तास खपून. भिंतीच्या विटासुद्धा जुळवल्या.

तो त्यांचा भाऊ होता. त्यांच्या आईने दुसऱ्या दिवशी ताटं मांडली ती दोनच. भाऊ कोणता, असं विचारलं. त्याने ठोकलेली फळीही नव्हती. त्याने आयुष्यभर जे जे केलं ते सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. आठवत होतं फक्त त्यांना, कारण फोटो त्यांचा होता. शेवटचा निरोप एका ओळीचा होता. बाई, तुम्हालाही आठवत असेल, तुम्हीच काढलाय त्याला.

मी लगेच दुरुस्ती मागे घेतली. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. आला. फळीही आली.

एवढंच लागतं. एक बटण. मी दाबलं, कारण माणूस म्हणून ते दाबावंच लागतं. तो दाबत नाही.

मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. पण त्याची त्याहून जास्त येते.

१९ मार्च, मंगळवार
काटकोनचा स्वतःचा एकच फोटो आहे, आठ वर्षांपूर्वीचा. गॅलरीत खुर्चीवर बसलाय, हातात झाडांना पाणी घालायची झारी. कोणाचाही काका वाटेल असा चेहरा. खाली चौकोनात खूण. दुरुस्ती चालेल.

आधी त्याची बोटं पुसावीत असं मनात आलं. मग फळी आठवली. माणूस गेला की त्याने केलेलं जातं.

मी त्याला विचारलं नाही. त्याने विचारलं होतं?

कॉलरपासून सुरुवात केली. वीस मिनिटं लागली. मधे एकदाही थांबले नाही, याची आता भीती वाटते. रिकामी खुर्ची राहिली. झारीही पुसली.

जिन्यातच ऐकू आलं. ओठांत टाचण्या धरून आत्या गिऱ्हाइकाला झापत होती की वजन तुम्ही वाढवायचं आणि दोष माझ्या शिवणीला? मला बघून म्हणाली, काय गं, तोंड असं का केलंयस, कोणी मेलं की काय?

मी तिथेच पायरीवर बसून रडले. ती म्हणाली, रडायचं तर सरकून रड, खाली रेशीम आहे. आणि तुटक्या दाताने दोरा तोडला.

दिवसभर तिच्याजवळच बसले. दुसरं काही बघितलं नाही.

२० मार्च, बुधवार
स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत.

आत्ता लक्षात आलं. तो गेला म्हणजे त्याचे अभिप्राय गेले, त्यांच्यामागून आलेल्या सहमत्याही गेल्या. आत्याचा फोटो पुन्हा कोरा. कालच काढून टाकता आला असता. काल. मी रेशमाजवळ बसून हसत होते.

आत्ता उघडला. जुने अभिप्राय गेले म्हणून नव्यासारखा सगळ्यात वर आलाय. आणि एक अभिप्राय आहे.

कोणी नवी मुलगी आहे. लिहिते, पहिलाच अभिप्राय देते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. बाईंचा चेहरा अप्रतिम आहे, त्याला अजिबात हात लावू नये. फक्त खिडकीच्या काचेत फोटो काढणारीचं प्रतिबिंब पडलंय, त्याने लक्ष विचलित होतं. तेवढं काढून देते.

फोटो मोठा करून बघितला. काचेत आहे मी. कॅमेरा डोळ्याला लावून. मला दिसलंच नव्हतं.

लिहिलं, हात लावू नकोस. लिहिलं, मला अभिप्राय नको, तुझा नको, कोणाचाच नको. ती माणूस आहे, ती मी आहे.

उत्तर आलं. काळजी करू नका, मी सावकाश करते आहे. काचेवर डागसुद्धा राहणार नाही.

दुपार
मालक समोर आले. पासपोर्टचा की ओळखपत्राचा, असं विचारलं. मी म्हणाले, काका, मी. ते म्हणाले, बसा, आत्ता मुलगी नाही कोणी कामाला, मीच काढतो.

पळत आले. खोलीत आहे. बॅग नाही.

आधीची पानं — अक्षर फिकं पडतंय. आठ तारीख वाचता येत नाही.

नाही. मी कोणाचं चित्र बिघडवत नाही. मी तिथे उभी होते म्हणून तो फोटो आहे — मी नसते तर — ऐकतेस का तू, मी खटकत नाही, मी —

आत्या खाली बोलते आहे. बोलते आहे, ते तरी —

जिन्याशी आली. वर कोण आहे, म्हणून विचारते.

मी ओ दिली. मोठ्याने. नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं.

शेजारच्या बाईंना हाक मारून सांगते आहे की वरच्या रिकाम्या खोलीत काहीतरी वाजतंय, मांजर असेल, काठी आण —

आत्या, मी आहे, मी तुझ्या भावाची